पांढरी सहाची करवत

कोकणात यंत्र विकत घ्यायला एकाचे पैसे पुरतात. ते सुरू करायला मात्र अख्खी वाडी लागते. मी चेनसॉ घेतली तेव्हा खोकं उघडायच्या आधीच ओटीवर तज्ज्ञांची बैठक भरली होती. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात कोयत्यापलीकडे हत्यार धरलेलं नव्हतं, पण तज्ज्ञ व्हायला अनुभव लागतो हा समज घाटावरचा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावरच्या बागा आडव्या केल्या. सुपारी, नारळ, आंबा, सगळं एकमेकांच्या अंगावर. तेव्हा भाड्याच्या मशीनवाल्याची वाट बघताना लोकांनी जेवढा धीर धरला, तेवढा पंढरीच्या रांगेतही धरला नसेल. स्वतःची करवत हवी हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं. घ्यायचीच तर साठ सीसीची, लाकूडतोडे वापरतात ती. किंमत ऐकून सौ. म्हणाली, "एवढ्यात बांगड्या आल्या असत्या. आणि त्यांना पेट्रोल लागलं नसतं."

पेट्रोलपासूनच वादाला सुरुवात झाली. हे इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वंगणाचा वेगळा कप्पा नाही. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, पन्नासाला एक, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. मी नातवाच्या औषधाचं टोपण घेऊन मापायला बसलो, तर एसटीतून निवृत्त झालेले काका कळवळले. "अरे, नवीन आहे ते! घाल सढळ हाताने, अंगी लागेल." तेल जास्त झालं की प्लगवर काजळी धरते. शिवाय कार्ब्युरेटरच्या तेवढ्याच भोकातून तेल जास्त गेलं की पेट्रोल कमी जातं, आणि इंजिन उपाशी पडून तापतं. हे मी सांगितलं. काका म्हणाले, "चेतकला कधी झालं नाही." आमच्याकडे चेतकच्या पुढे अपील चालत नाही.

त्यात आता पेट्रोलमध्येच वीस टक्के इथेनॉल. त्याला पाण्याची भारी ओढ, हवेतला ओलावा शोषून घेतं. आणि कोकणातल्या जुलैत हवा कमी आणि ओलावाच जास्त. त्यामुळे काम झालं की टाकी रिकामी करायची, उरलेल्या पेट्रोलवर इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं. उष्टं ठेवायचं नाही, हा नियम आजीने केळीच्या पानाबाबत घालून दिला होता. तो इथेही लागू पडतो.

मग आलं ‘रनिंग इन’. काकांच्या मते पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायचं नाही. करवतीला किलोमीटर कुठून आणायचे, यावर ओटीवर गंभीर चर्चा झाली. दुसरा पक्ष म्हणाला, दिवसभर नुसती चालू ठेवून द्या. दोन्ही चूक. नव्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासून बसाव्या लागतात, आणि त्या बसतात कामाच्या दाबाखाली. म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्या लाकूड कापायचं, रीतसर कापायचं. फक्त लाकडाबाहेर असताना पूर्ण रेस करून बोंबलवायचं नाही. काम करावं, पण रिकामपणी ओरडू नये. ओटीवर हे वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी अंगाला लावून घेतलं नाही.

लाकडाची चिंता वाडीनेच मिटवली. "तुमच्या रिंगा बसवायच्याच आहेत ना, मग आमचा फणस पडलाय तो घ्या," असं म्हणत लोक परोपकाराला पुढे आले. माझ्या रिंगा बसल्या आणि अर्ध्या वाडीचं पावसाळ्याचं सरपण झालं.

नवी साखळी सुरुवातीला सैल पडते. थांबून थांबून ताण बघावा लागतो. ज्या पट्टीवर ती फिरते त्या पट्टीला लागून असावी, पण हाताने ओढली तर सरकावी. तापलेली साखळी लांबते. ती तशीच ताणून ठेवली तर निवल्यावर आखडते आणि आतल्या बेअरिंगचा जीव काढते. म्हणून काम संपलं की सैल करायची. साखळीचं तेल वेगळं. ते पोचतंय का बघायला पट्टीचं टोक सुपारीच्या विरीसमोर न टेकवता धरायचं आणि रेस द्यायची. विरीवर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

या साखळीचा जन्म ऐकून तर आंबेवाल्याने डोक्याला हात लावावा. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ साली एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड कशी पोखरते ते बघत बसला. अळीचे जबडे डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने चालत होते. त्याने तसेच दात साखळीला दिले आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. आज जगभरच्या करवती त्याच घराण्याचे दात लावून फिरतात. म्हणजे आंबा पोखरणाऱ्या ज्या भिरुडाला मी तारेने टोचून कलमाच्या खोडातून बाहेर काढतो, त्याच्याच अमेरिकेतल्या भाऊबंदाकडून कापायला शिकलेली करवत मी पैसे मोजून आणली.

रिंगा बसल्यावर इंजिन मोकळं होतं, वेग चढतो आणि ट्यूनिंग पुन्हा करावं लागतं. त्यासाठी तालुक्याहून मेस्त्री आले. कार्ब्युरेटरवर तीन स्क्रू. एल म्हणजे कमी वेगाचं पेट्रोल, एच म्हणजे पूर्ण वेगाचं, आणि तिसरा नुसत्या आयडलिंगचा. आधी एल असा लावायचा की रेस दिल्यावर इंजिन अडखळू नये. मग आयडलिंग असं की करवत चालू राहावी, पण साखळी जागची हलू नये. एच शेवटी.

इथे आमच्या भजनी मंडळाचे बुवा मध्ये पडले. स्वर हा त्यांचा प्रांत. ते पेटी घेऊनच आले. पुस्तकात कमाल वेग लिहिला होता मिनिटाला १३,५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २२५ स्फोट. पेटीवर हा सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी सहाच्या किंचित वर आणि काळी पाचच्या खाली पडतो. मेस्त्रींनी रेस दिली. बुवांनी डोळे मिटले आणि मान हलवली. "घोगरी आहे. सूर अजून चिकटला नाही. थोडा वर घ्या."

"वर घेतला की पिस्टन चिकटेल, बुवा," मेस्त्री म्हणाले.

त्यांनी एचचा स्क्रू आत पिळून दाखवला. घोगरेपणा गेला आणि करवत तार स्वरात स्वच्छ, गोड गाऊ लागली. बुवा खूश. मेस्त्रींनी लगेच इंजिन बंद केलं. हा गोडवा म्हणजे पेट्रोल कमी पडल्याचं लक्षण. पेट्रोलबरोबरच तेलही कमी जातं. इंजिन जोरात पळतं, आतून तापतं आणि एक दिवस पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. मग त्यांनी स्क्रू उलटा फिरवला. पेट्रोल किंचित जास्त झालं की दर फेरीला पेटणारं इंजिन मध्येच एक फेरी सोडून पेटतं. निम्म्या कंपनांचा, बरोबर एक सप्तक खालचा सूर त्यात मिसळतो. "हा खर्ज ऐकू आला पाहिजे," मेस्त्री म्हणाले. खर्ज म्हटल्यावर बुवांचा विरोध मावळला.

खरी गंमत पुढे. हीच कुरकुरणारी करवत मेस्त्रींनी ओंडक्याला लावली आणि कुरकूर जागच्या जागी थांबली. लाकडाचा भार आला, वेग उतरला, पेट्रोलचं प्रमाण नेमकं जुळलं. ओंडका तुटला, करवत बाहेर आली आणि पुन्हा कुरकूर सुरू. मला आमच्या शेजारचे नाना आठवले. हाक मारा, आधी शिव्या. नांगर हातात आला की तोंडातून शब्द नाही. बांधावर बसले की पुन्हा शिव्या. नाना नव्वदीला टेकलेत. गोड बोलून रेस घेणारे त्यांच्या बरोबरीचे बरेचजण मध्येच चिकटले.

आता स्वतःच स्वतःला ट्यून करणाऱ्या करवती आल्या आहेत. आत संगणकच असतो. काम चोख करतात म्हणे. पण त्यांच्यासाठी बुवा पेटी घेऊन येणार नाहीत, आणि ओटीवर एवढा चहाही होणार नाही.

तेव्हा नवी चेनसॉ घेणार असाल तर एवढं करा. हेल्मेट, कानाला मफ आणि पायाला संरक्षक पँट करवतीबरोबरच घ्या. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकवू नका. तिथूनच ती उसळून तोंडावर येते. आंबा-फणस तोडण्याआधी वनखात्याची परवानगी काढा. १९६४ चा वृक्षतोड कायदा अजून जिवंत आहे. करवत कुरकुरत असेल तर स्क्रूला हात लावू नका. ज्या दिवशी ती गोड गायला लागेल, त्या दिवशी मात्र बुवांनी दाद द्यायच्या आत बंद करा.