गुण आहेत, गुरुजी कुठे आहेत?

मीरा रोडला नाट्यगृह झाले. लता मंगेशकरांचे नाव दिले. 2022च्या अखेरीस पडदा उघडला आणि नाटकासाठी बोरिवली किंवा ठाणे गाठण्याचा वनवास संपला. चांगलेच झाले. पण प्रेक्षकाला खुर्ची मिळाली म्हणून शहराला नट मिळाला का?

नाही मिळाला.

1991 साली मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाख होती, 2011च्या जनगणनेत 8 लाख 9 हजार. वीस वर्षांत साडेचार पटींहून जास्त. तालमीची जागा मात्र तीच, सोसायटीची गच्ची नाहीतर शाळेचा व्हरांडा. गच्चीवर रात्री नऊनंतर कोणी चढ्या आवाजात संवाद म्हटला की लगेच सेक्रेटरींना फोन जातो. विहीर बांधली, पोहरा द्यायचा राहिला.

आता शाळेत चला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की चित्रकलेच्या क्लासला झुंबड उडते. स्मरणचित्राचा पेपर कशासाठी असतो? मुलाने स्टेशनवर, बाजारात, जत्रेत जे पाहिले ते आठवून काढावे म्हणून. क्लासमध्ये काय होते? फुगेवाला कुठे, झाड कुठल्या कोपऱ्यात, पाठमोरी बाई कुठे, सगळे आखून मिळते. मूल तेच गिरवत राहते. भाईंदर स्टेशनचा जिना रोज चढणारे मूल पेपरात तो जिना काढत नाही. कधी न पाहिलेल्या जत्रेतला फुगेवाला काढते.

स्मरणाचेही पाठांतर!

मुलांना बोल लावू नका, पालकांनाही नको. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी आली की दहावीत 7 गुण, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. अर्ध्या टक्क्याने कॉलेज हुकते तिथे सात गुण कोण सोडेल? गुण द्यायला सरकार हजर आहे. शिकवायला कोण हजर आहे?

शिक्षणहक्क कायदा काढून बघा, 2009चा. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुले असतील तर कला, आरोग्य-क्रीडा आणि कार्यानुभवासाठी निदेशक हवा, तोही अंशकालीन. गणिताला पूर्ण माणूस, चित्राला अर्धा. आणि मुले शंभरच्या आत असतील तर? कायदा गप्प.

2017च्या दहावीत 193 मुलांना शंभर टक्के मिळाले. त्यात कलेच्या वाढीव गुणांचाही हातभार होता. ओरड झाली, गुण छाटले गेले. टक्केवारी फुगली तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. शाळेत कलाशिक्षक नाही म्हणून आजवर कोणाची झोप उडाली?

2020चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते, कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको, अभ्यास आणि अभ्यासेतर असा भेद नको. एकदम मान्य. पण भिंत पाडली आणि पलीकडे वर्ग घ्यायला माणूसच नाही, तर मुलांनी जायचे कोणाकडे?

काही जण म्हणतील, कलेने पोट भरत नाही. मीरा रोडला राहून असे म्हणता? काशिमिऱ्याकडे मालिकांचे सेट आहेत. अंधेरीचे भाडे झेपत नाही म्हणून इथे राहणारे नट, नर्तक, मेकअपवाले, लाइटमन, एडिटर तुमच्याच इमारतीत सापडतील. काम आहे, बारा बारा तासांच्या शिफ्ट आहेत. पैसे? मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांनी द्यायचा रिवाज आहे.

घरमालक नव्वद दिवस थांबतो का?

फ्रान्समध्ये नाटक-सिनेमातल्या माणसाने बारा महिन्यांत 507 तास काम केले, की काम नसलेल्या काळात त्याला बेकारी भत्ता मिळतो. आपल्याकडे 2020च्या कामगार संहितेत दृक्-श्राव्य कामगारांचा समावेश झाला, त्यांच्याशी लेखी करार करण्याची तरतूदही आली. कायद्याच्या पुस्तकात आली, सेटवर कधी येणार? कोऑर्डिनेटरच्या तोंडी शब्दावर पहाटे कॉल टाइम गाठणाऱ्या मुलीच्या हातात तो कागद पडेल, त्या दिवशी कायदा झाला म्हणू.

सरकारी पैशाचे काय? 2024-25च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संस्कृती मंत्रालयाला सुमारे 3,261 कोटी रुपये होते. आकडा मोठा वाटतो. एकूण खर्च 48 लाख कोटींवर. म्हणजे शंभर रुपयांत सात पैसे. त्यातलाही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा पुरातत्त्व खात्याचा. जुने दगड जपायलाच हवेत, त्यात कपात नको. पण जित्याजागत्या माणसाच्या वाट्याला उरले किती?

राज्याकडे ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. 2024पासून महिना 5 हजार रुपये. वाढ झाली, त्याचे स्वागत. पण वर्षाला एका जिल्ह्यातून निवड शंभर जणांची. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर अशा सहा महापालिका आणि वर खेडीपाडी, हे सगळे ठाणे जिल्ह्यात. जिल्हा केवढाही असो, आकडा शंभर. कलावंतांची संख्या काय कलेक्टर ऑफिस बघून वाढते?

अर्जाला पुरावे लागतात, प्रमाणपत्रे लागतात, कात्रणे लागतात. राई-मुर्ध्यासारख्या आगरी गावांतली धवलारीण आठवा. लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकत. शेकडो ओळी तोंडपाठ, सगळी विद्या आई-आजीकडून आलेली. आता हळदीला डीजे लागतो आणि ती मांडवाच्या कडेला बसते. तिच्या गाण्याला कुठली श्रेणी? मांडवात गायलेल्या गाण्याचे कात्रण कुठल्या पेपरात सापडणार?

जिला सगळे पाठ आहे, तिच्याकडेच कागद नाही.

लोक कलेपासून दुरावलेत, ही तक्रार आता बंद करा. नवरात्रात इथली मैदाने फुलतात, गणपतीत गल्लीगल्लीत मुले नाचतात, उत्तन-पालीच्या लग्नात बँड वाजतो. हौस भरपूर आहे. हौसेला शिस्त, सराव आणि मोबदला द्यायची वेळ येते तिथे घोडे पेंड खाते. महोत्सवाला मंडप मिळतो, आवाजाच्या भिंती मिळतात, फलकावर नेत्यांचे फोटो मिळतात. त्याच पैशात एका शाळेला वर्षभर संगीत शिक्षक मिळाला असता. मंडप चौथ्या दिवशी उतरतो. शिकलेला सूर उतरत नाही.

मग करायचे काय? डोंगर उचलायचा नाही. महापालिका मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू माध्यमांच्या शाळा चालवते. प्रत्येक शाळेच्या फाटकावर पाटी लावा: चित्रकला कोण शिकवतो, संगीत कोण शिकवतो, आठवड्याला तासिका किती. जागा रिकामी असेल तर रिकामी लिहा. लपवायचे कशाला?

नाट्यगृहात प्रयोग नसेल त्या सकाळी तालमीसाठी दार उघडा, हौशी संस्थांना परवडेल अशा दरात. राज्य नाट्य स्पर्धा 1954पासून चालू आहे, तिथे आपल्या शहराचे नाटक उभे राहायचे तर आधी तालमीत उभे राहावे लागेल. धवलारणींना वर्गात बोलवा, दर तासिकेला मानधन द्या, तोच त्यांचा पुरावा होईल. आणि अंदाजपत्रकात महोत्सवाच्या खर्चाशेजारी शिकवण्याचा खर्च छापा. दोन आकडे शेजारी शेजारी आले, की वेगळे भाषण लागत नाही.

पैसा नाही, हे उत्तर चालणार नाही. मंडपाला मिळतो तो शिक्षकाला का मिळत नाही?

पुढच्या महोत्सवाला पाहुणा कोण येणार, ते आम्हाला सांगू नका. कुठल्या शाळेत कोणता कलाशिक्षक नेमलात आणि त्याचा पगार वेळेवर होतो का, तेवढे सांगा.