जरा पी-व्हॅल्यू काढून द्या

विद्यापीठातल्या संख्याशास्त्र विभागाला संशोधनासाठी पैसे लागतातच कशाला, हा प्रश्न आपल्याकडे अजून मिटलेला नाही. रसायनवाल्यांचं सोपं असतं: कोटीचं यंत्र, त्याला एसी खोली, खोलीला कुलूप. समिती आली की दाखवता येतं. संख्याशास्त्रवाल्यांकडे दाखवायला फळा, संगणक आणि फुकटात मिळणारं 'आर' नावाचं सॉफ्टवेअर. त्यामुळे केंद्राच्या 'मॅट्रिक्स' योजनेने गणिती विषयांच्या संशोधकाला वर्षाला 2 लाख रुपये द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यात कुणाला कंजुषी दिसली नाही. ज्युनिअर रिसर्च फेलोला 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात. म्हणजे 2 लाखांत असा एक विद्यार्थी साडेपाच महिनेही पोसता यायचा नाही. या शास्त्राचा खरा खर्च माणसाच्या वेळेचा आहे आणि आपली अनुदानं ओळखतात वस्तूंना.

मग उरतो सहयोगी प्रकल्प. प्रस्तावात 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द हवाच, म्हणून संख्याशास्त्राच्या सरांचं नाव सह-अन्वेषक म्हणून घातलं जातं. नमुना किती घ्यायचा हे मात्र 'मागच्या वेळीही शंभरच घेतले होते' या शास्त्राधाराने ठरतं. सरांची आठवण होते ती थेट मार्चमध्ये. एक्सेलची फाइल येते. लिंगाच्या रकान्यात 'एम', 'मेल' आणि 'पु.' असे तीन जातींचे पुरुष गुण्यागोविंदाने नांदत असतात. ज्यांचं वय विचारायचं राहिलं ते सगळे 99 वर्षांचे झालेले असतात. सोबत निरोप: जरा पी-व्हॅल्यू काढून द्या, 0.05च्या आत बसवता आली तर बरं, म्हणजे निकाल छापण्याजोगा होईल.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1938 मध्ये कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत हे सांगून ठेवलंय. प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला विचारणं म्हणजे त्याला शवविच्छेदनाला बोलावणं. फार तर तो मृत्यूचं कारण सांगेल. त्याच बंगालमध्ये तेव्हा उलटा प्रकारही चालू होता. 1937 पासून संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी केंद्रीय ताग समितीच्या पैशावर तागाच्या पिकाची नमुना पाहणी सुरू केली. आधी छोटी पाहणी. तिच्यावरून जमिनीचा तुकडा केवढा निवडला तर चूक किती आणि खर्च किती याचा हिशेब. मग पुढच्या वर्षी मोठी पाहणी. आकडेवाल्याचं डोकं आधी चाललं, शेतात माणसं नंतर गेली. ताग समितीला जे उमगलं होतं ते आपल्या छाननी समित्यांना अजून उमगायचंय.

यावर वित्त विभाग म्हणेल, जनतेचा पैसा आहे, हिशेब नको का? हवाच. पण उपयोगिता प्रमाणपत्रात मंजूर किती, खर्च किती, शिल्लक किती एवढंच विचारतात. शंभर रुग्णांवरून मुळात काही कळणार होतं का, याला तिथे रकाना नाही. पै न् पै जुळते आणि सगळीच वाया जाते, हे बिनदिक्कत एकत्र घडू शकतं. ऑडिटला त्यात खोट सापडणार नाही. दुसरं म्हणणं असं की, शोधनिबंधात सरांना नाव मिळतं की! मिळतं, कधी लेखकांत, बहुधा आभारात, टायपिंग करून देणाऱ्याच्या शेजारी. त्या नावावर संशोधक विद्यार्थ्याची मेस चालत नाही.

आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलंय. 2023च्या कायद्याने जन्मलेल्या या संस्थेसाठी पाच वर्षांत 50,000 कोटींचं उद्दिष्ट जाहीर झालं आणि त्यातले सुमारे 36,000 कोटी उद्योग, दानशूर वगैरे सरकारबाहेरच्या मंडळींकडून यायचे ठरले. अंदाज सांगितला, त्याची प्रमाण त्रुटी सांगितली नाही. त्यासाठी एखाद्या संख्याशास्त्रज्ञाला विचारावं लागलं असतं आणि तेव्हा मार्च उजाडला नव्हता. मागणी काही फार मोठी नाही. यंत्रसामग्री, रसायनं, प्रवास आणि किरकोळ यांच्या वर, पहिल्याच ओळीत, अभ्यासाचा आराखडा करणाऱ्याचा चार महिन्यांचा पगार लिहावा. तेवढं झेपत नसेल तर तळाला 'शवविच्छेदन शुल्क' हे हेड तरी मंजूर करावं. ती रक्कम 31 मार्चच्या आत पूर्ण खर्ची पडेल, याची हमी कुठलाही संख्याशास्त्र विभाग 95 टक्के विश्वासाने देईल.