दीड जीबी गेला कुठं?

"काकू, कुकरची शिट्टी व्हायच्या आत एक सांगते. पलीकडच्या घरी डोंगलवरून महाभारत झालं."

"कुणाकडं? करोंद मंडीतल्या व्यापाऱ्याचे हिशेब घरी बसून लिहिते, त्या सुनेकडं?"

"तिच्याकडंच. रस्ता खणला, केबल तुटली, नेट गेलं. सासऱ्यांनी कपाटातून थ्रीजीच्या काळातलं डोंगल काढलं आणि त्यात जिओचं सिम घातलं. दिवा नुसता मिचमिचतोय!"

"अगं, जिओ 2016 साली आलं तेच मुळी फोरजी घेऊन. थ्रीजीवाल्या डोंगलला ते कुठून सापडणार? शिवाय तेव्हाची कितीतरी डोंगलं कंपनीनं लॉक केलेली असायची, दुसऱ्याचं सिम घेतच नसत."

"शेवटी नवीन फोरजीचं आणलं."

"लावल्यावर आधी सीडी दिसली असेल. आमचे हे मागं दुकानदारावर चिडले होते, 'मोडेम मागितलं, सीडी दिली!' अगं, त्या सीडीतच सॉफ्टवेअर असतं. ते चढलं की त्याचंच मोडेम होतं."

"हिच्या डोंगलला तेही लागलं नाही. ब्राउझरमध्ये 192.168.8.1 टाकलं की त्याचं पान उघडतं. एपीएनमध्ये 'जिओनेट' आहे ना, तेवढं बघितलं आणि झालं. पण सीपीयूच्या मागं, भिंतीला चिकटून खोचलेलं, त्यामुळं रेंजची एकच दांडी. मग तिनं हातभर एक्स्टेन्शन केबल लावली, डोंगल खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलं. लगेच तीन दांड्या!"

"हुशार आहे पोर. मग महाभारत कसलं?"

"रोजचा दीड जीबी दुपारीच खलास! सासूबाई म्हणे, ही दार लावून मालिका बघते. आणि तिकडं व्यापाऱ्याची ई-अनुज्ञा अडकलेली. ती निघाल्याशिवाय मंडीतून माल हलतो होय?"

"विंडोजचं अपडेट खात असेल. आमच्याकडं सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू केलं, तेव्हा कुठं ते आवरलं."

"तेही केलं तिनं. तरी दुसऱ्या दिवशी तीच गत. मग पुन्हा डोंगलचं पान उघडलं. त्यात वायफायही आहे ना, कोण कोण जोडलंय त्याची यादी दिसते. वर तिचा कॉम्प्युटर आणि खाली एक मोबाइल."

"कुणाचा गं?"

"हळू बोला, त्या गच्चीवर पापड वाळवतायत. नातवानं आजीला पासवर्ड टाकून दिलेला! सकाळपासून भजनांचे व्हिडिओ, तेही एचडीत."

"अगंबाई! मग सून काय म्हणाली?"

"एक शब्द नाही. गुपचूप पासवर्ड बदलला. आता सासूबाई येईल त्याला सांगतायत, 'करोंदला मेट्रो आणतायत म्हणे, आधी नेट तर आणा!'"