डिस्कवाला

ज्या संस्थेची जुनी वेबसाइट अजून प्लोन नावाच्या प्रणालीवर चालते, तिथे एक डिस्कवाला असतोच. कागदोपत्री तो सिस्टिम अ‍ॅडमिन. सर्व्हर नीट चालू असला, की तो जागेवर आहे की रजेवर, याची कुणाला खबर नसते. डिस्क ९५ टक्के भरली, की मात्र शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना त्याच्या खोलीचा जिना सापडतो.

त्याचा जीव अडकलेला असतो डेटा.एफएस नावाच्या एका फाइलीत. अख्खी साइट तिच्यात. ती फाइल झेडओडीबीची. हा ऑब्जेक्ट डेटाबेस मुळात जिम फुल्टन यांचा, आणि त्यांचं नाव डिस्कवाला गुरुजींचं घ्यावं तसं घेतो. ही फाइल म्हणजे रोजकीर्द: मागचं खोडायचं नाही, नवी नोंद शेवटी करायची. पानातला एक स्वल्पविराम बदलला, तरी ते पान शेवटी पुन्हा नव्याने लिहिलं जातं आणि जुनं मागे तसंच पडून राहतं.

मजकूर टाकणाऱ्या मॅडमना हे पटत नाही.

"अहो, मी काही टाकलेलं नाही. उलट मागच्या आठवड्यात जुनं सगळं डिलीट केलं."

"त्यानेच वाढली," डिस्कवाला शांतपणे सांगतो. पुसलं हीसुद्धा एक नोंदच, हे पुढचं वाक्य ऐकायला मॅडम थांबलेल्या नसतात.

मॅनेजर लोकांचा उपाय ठरलेला असतो: "पॅक मार आणि मोकळा हो." पॅक केलं, की जुन्या नोंदी आणि बेवारस वस्तू निघून जातात, फाइल आटते. पण डिस्कवाल्याच्या लेखी हे पंचनाम्याआधी प्रेत हलवण्यासारखं. "पुरावा जातो ना साहेब!" खरं तर त्याची आणखी एक अडचण असते. पॅक करताना आधी नवी फाइल लिहिली जाते आणि जुनी डेटा.एफएस.ओल्ड म्हणून शेजारीच राहते. म्हणजे जागा करायलाच जागा लागते, आणि ती नसते. का नसते, तर खुद्द डिस्कवाल्याने "असू दे" म्हणून ठेवलेल्या ओल्ड, ओल्ड२ आणि ओल्ड-फायनल या तीन फायली तिथे आडव्या पडलेल्या असतात. त्या तो कुणाचं लक्ष नसताना दुसऱ्या डिस्कवर नेतो. आपल्या अहवालात त्यांचा उल्लेख करत नाही.

मग तपास. पहिला संशय फोटोंवर, कारण मॅनेजरचा तोच असतो. डिस्कवाला तो हसून उडवतो. फोटो ब्लॉब म्हणून वेगळ्या फोल्डरात जातात, डेटा.एफएसमध्ये त्यांची नुसती नोंद राहते. दुसरा संशय पानांच्या जुन्या आवृत्त्यांवर. तिथे थोडं सापडतं, पण एवढं नाही. तेव्हा तो एफएसटेल नावाचं साधन चालवून शेवटचे व्यवहार काढतो. कोणी, कधी, कुठल्या पत्त्यावर लिहिलं, सगळं ओळीने समोर येतं. रात्री २ वाजून ४० मिनिटं. नाव कुणाचं नाही. पत्ता मुखपृष्ठाचा. खालची ओळ तीच, त्याखालची तीच. रात्रभर कुणीतरी मुखपृष्ठ नुसतं वाचतंय आणि डेटाबेस लिहीत सुटलाय! अशा वेळी डिस्कवाल्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते पगारवाढीच्या दिवशीही आलेलं नसतं. (तशी ती येतही नाही.)

चोर असतो मुखपृष्ठाच्या तळाशी: "आपण अमुकावे भेट देणारे आहात." कुण्या शिकाऊ पोराने तो आकडा पानाच्या ऑब्जेक्टातच ठेवलेला. एक भेट झाली, की आकड्यासोबत मजकूर, मेनू, सूचना असं सगळं पान नव्याने लिहायचं. पान ४० केबीचं धरा आणि भेटी दिवसाला २५,०००. रोज एक जीबी! आणि रात्री येणारे वाचक कोण? सर्च इंजिनांचे बॉट.

"काउंटर काढून टाकू?" तो संचालकांना विचारतो.

"काढू? अहो, वार्षिक सभेत मी तोच आकडा वाचतो."

यावर वाद घालणारा माणूस डिस्कवाला नसतो. तो आकडा एका वेगळ्या, चिमुकल्या ऑब्जेक्टात हलवतो, म्हणजे भेटीमागे फार तर दोन-चारशे बाइट लिहिले जातील. रविवारच्या रात्री आपोआप पॅक होईल असं क्रॉनमध्ये टाकतो, आणि शिकाऊ पोराला चहा पाजून पाऊण तास झापतो.

पुढच्या महिन्यात संचालक जिन्यात भेटतात.

"काय, डिस्क ठीक ना? आणि भेटी? वाढतायत का?"

"वाढतायत ना साहेब," डिस्कवाला अदबीने म्हणतो, "विशेषतः रात्रीच्या."