नागराजाची लाथ

"ओ वैनी, चादर मग झटका, आधी भिंतीपाशी या. कोपऱ्यावरच्या दोघा भावांची बोलाचाली बंद झाली की! जागेवरून नव्हे हो, कॉमिक्सवरून. माळा झाडताना अख्खं बोचकं निघालं."

"अगं बाई! थोरले साठीला टेकले की, अक्का."

"थोरला ब्रूस लीच्या नादातला. 'एंटर द ड्रॅगन' बघून आला अन् पावड्याचा दांडा कापून, मधी सायकलची चेन घालून नानचाकू केला. पहिल्याच झटक्यात स्वतःच्या कानशिलावर! आईनं टेंगळाला हळद लावली अन् वर पाठीत धपाटा. दांडा नवा होता ना."

"ब्रूस ली तर तवा गेलेला होता की."

"हौ, 20 जुलै 1973 ला, 32 वर्षांचा. पिक्चर लागायच्या आधीच. अन् अमेरिकेतले कॉमिक्सवाले बसतात होय? त्याच वर्षी डिसेंबरच्या अंकात मार्व्हलनं कुंगफूवाला शांग-ची काढला. चिनी हिरो, पण बाप कोण, तर फू मांचू! इंग्रजी कादंबऱ्यांतला जुना खलनायक. हिरो चिनी केलाय तर घराणं तरी बदमाश पायजे, असला हिशोब. पुढच्या वर्षी आयर्न फिस्ट आला, तोही कुंगफूवाला, पण सोनेरी केसांचा अमेरिकन. लोणचं माझ्या बरणीतलं अन् कौतुक जावेचं!"

"तुम्हाला एवढं कसं ठावं?"

"भावाची इंद्रजाल कॉमिक्स मीच आधी फस्त करायची. पण त्यातल्या वेताळाचं सगळं ठोशावर. गालावर अंगठीची कवटी उमटली की काम झालं. लाथांचा पाऊस पडला तो सापांचा हिरो नागराज आल्यावर, 1986 ला. धाकटा त्याच्या पायी येडा. गड्ड्याच्या जत्रेत रबरी साप घेतला अन् मनगटाला बांधून वर्गात गेला. मी म्हणते, अंगात एवढं विष, नुसता चावला तरी भागतंय, मग ह्याला कराटे कशाला? पण हवाच तशी होती. 1983 ला मिथुनचा 'कराटे' पिक्चर येऊन गेलेला. बिनलाथेचा हिरो पोरं हातात धरत नव्हती."

"दिल्लीचं ना ते नागराजवालं राज कॉमिक्स?"

"छापणारे दिल्लीचे, पण सुरुवातीचा नागराज काढला आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. अमर चित्र कथेत देव अन् राजे काढणारा हात! कॉमिक्समधला अमिताभचा 'सुप्रीमो' काढला तोही त्यांनीच. म्हणून तर नागराज हवेत तंगडी फेकतो, पण मांडी बघा, पुराणातल्या वीरागत भरदार. ब्रूस लीचा काटकपणा औषधाला न्हाई."

"मग मिटलं का भांडण?"

"कुठलं! थोरला म्हणतो बोचकं माझं. धाकटा म्हणतो, तुझ्या वेळी नागराज होता का? जावाजावांनी मात्र एकी केली, उद्या सकाळी रद्दीवाल्याला बोलावलंय."

"काय सांगता! मग आपण आज संध्याकाळीच हळदीकुंकवाचं निमित्त काढून जाऊ, अक्का. मोठी पिशवी घेते मी."