छत्तीसचा आकडा

ठाण्याच्या भाच्याचा फोन रात्री बारानंतर आला. चिखल्यात बारानंतर फोन वाजला की माणूस आधी देवाचं नाव घेतो आणि मग चष्मा शोधतो. खाणीचं गाव आहे, अवेळीच्या फोनची सवय आहे, पण भीती गेलेली नाही. फोन उचलला तर पलीकडून जल्लोष, "मामा, टोल माफ झाला!"

तारीख १४ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी मंत्रिमंडळाने ठरवलं आणि त्याच मध्यरात्रीपासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर मोटारींना टोल बंद झाला. वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर. मुलुंडच्या नाक्यावर भाचा एका खेपेला ४५ रुपये मोजायचा. मी अर्ध्या झोपेत त्याचं अभिनंदन केलं. सकाळी चहाच्या टपरीवर ही बातमी सांगितली, तर तिथल्या सगळ्यांनीही आनंद व्यक्त केला. त्यांच्यातल्या एकाकडेही मोटार नाही. मुलुंड तर नऊशे किलोमीटर लांब. पण फुकट मिळालेल्या गोष्टीचा आनंद माणसाला दुसऱ्याच्या वतीनेही होतो.

फक्त एका ट्रक ड्रायव्हरने चहा फुंकत विचारलं, "आमाले झाला का जी माफ?"

नाही झाला. ट्रकला मुंबईत शिरायचे १५० रुपये होते, जास्त चाकांच्या धुडांना १९०, आणि ते तसेच राहिले. माफी मोटारींना, एसटीला, शाळेच्या बसला. मतदार बसतो त्या गाडीला माफी. मतदाराचा कांदा, साखर, सिमेंट ज्यात बसतं त्या गाडीला नाही. कांद्याला मत नसतं.

या नाक्यांची कुळकथा मजेदार आहे. युतीच्या सरकारात नितीन गडकरी बांधकाम मंत्री होते, १९९६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ निघालं आणि मुंबईत पंचावन्न उड्डाणपूल बांधायचं ठरलं. पुलांचे पैसे वसूल व्हायला हवेत, म्हणून वेशीवर नाके बसले. गंमत अशी की पूल शहराच्या पोटात आणि वसुली वेशीवर. म्हणजे दादरहून अंधेरीला पुलांवरून जा, फुकट. ठाण्याहून भाजी घेऊन एकही पूल न चढता मुलुंडला उतरा, पैसे टाका. पुढे २०१० मध्ये एका कंपनीने २,१०० कोटी एकरकमी भरले आणि सोळा वर्षं वसुलीचा हक्क घेतला. २०२६ मध्ये हे प्रकरण मिटायचं होतं. मग मोटारींना माफी आली, कंपनीचं उत्पन्न बुडालं, त्याची भरपाई म्हणून मुदत २०२९ वर गेली. याला माफी म्हणतात. आमच्याकडे याला हप्ते पाडून देणं म्हणतात.

टोल ही तशी नवी भानगड नाही. भारतीय पथकर कायदा १८५१ चा आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली ती १८५३ मध्ये. म्हणजे या देशात आगगाडीच्या आधी टोलचा कायदा आला. इंग्रजाला आपल्या लोकांची पारख होती. गाडी उशिरा आली तरी चालेल, नाका वेळेवर हवा.

मग मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग. त्याची गोष्ट गडकरी स्वतः भाषणांत सांगतात. धीरूभाई अंबानींच्या रिलायन्सची निविदा ३,६०० कोटींची आली होती, ती नाकारली आणि महामंडळाने तोच रस्ता साधारण १,६०० कोटींत केला. गोष्ट खरी आहे आणि ऐकायला छान आहे. पण महाराष्ट्राची निम्मी गोष्ट रस्ता बांधून होईपर्यंतच असते. उरलेली निम्मी नाक्यावर सुरू होते. २००४ मध्ये ९१८ कोटी घेऊन पंधरा वर्षांची वसुली एका कंपनीला दिली. ती मुदत २०१९ मध्ये संपली. भाबड्या लोकांना वाटलं, आता रस्ता आपला. २०२० मध्ये पुढची दहा वर्षं ८,२६२ कोटींना गेली. तोच रस्ता, तेच साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, नऊपट भाव. मोटारीचा टोल १ एप्रिल २०२३ ला २७० वरून ३२० झाला, कारण दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ आधीच लिहून ठेवलेली आहे. माझ्या पगारात असं काही लिहून ठेवलेलं असतं तर मी हे सदर लिहीत बसलो नसतो.

आता चिखल्याचा या सगळ्याशी संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध आमच्या पायाखाली आहे. तुमसर तालुक्यातलं आमचं गाव मँगनीजवर उभं आहे, किंवा खाली पोखरलेलं आहे, असं म्हणा. इथे जमिनीखालची खाण आहे, शेजारी डोंगरी बुजुर्गला उघडी खाण आहे. दोन्ही मॉईल कंपनीच्या. कंपनीचं मूळ १८९६ च्या गोऱ्या सिंडिकेटपर्यंत जातं, आजच्या रूपाची सुरुवात १९६२ ची. पोलादात मँगनीज घातलं नाही तर त्यातला गंधक त्याला ठिसूळ करतो, लाल तापवून लाटायला घेतलं की ते तडकतं. म्हणजे द्रुतगती मार्गाच्या कडेला ते जे नागमोडी पत्र्याचं कुंपण मैलोन् मैल पळत असतं, त्यात कुठे ना कुठे आमच्यासारख्या गावाचा काळा धूर, काळी धूळ आणि काळा घाम आहे. त्या कुंपणाच्या आत मात्र आम्हाला दर किलोमीटरला मोजून घेतात.

डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड तर सेलमध्ये जातं. टॉर्चचा सेल, रेडिओचा सेल. फास्टॅग आला तेव्हा मला वाटलं, चला, कोट्यवधी गाड्यांच्या काचांवर कोट्यवधी छोटे सेल, डोंगरीला बरे दिवस आले. जुना टॅग बदलला तेव्हा नखाने सोलून पाहिला. आत कागदाच्या दोन थरांमध्ये पत्र्याची नक्षी, मधोमध मोहरीएवढी चिप, संपलं. सेलच नाही. नाक्याच्या छपरावरचा अँटेना लहरी फेकतो, त्या लहरींच्या ताकदीवर चिप क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपते. स्वतःची ताकद शून्य, समोरच्याच्या जोरावर बोलायचं आणि तेवढ्यात पैसे कापायचे. विधानसभेवर पाठवण्याच्या लायकीचं यंत्र आहे.

गेल्या डिसेंबरात भाचा लग्नासाठी इकडे आला. समृद्धी महामार्गावरून आला, मोटार घेऊन. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर. रस्ता खरंच लोण्यासारखा आहे, हे मी त्याच्याबरोबर थोडा बसून पाहिलं आहे, उगाच नाकं मुरडणार नाही. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा तुकडा उघडला तेव्हा मोटारीला किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होते. अडीच वर्षांत २ रुपये ६ पैसे झाले. म्हणजे आमणेहून नागपूरला साडेचौदाशेच्या आसपास. इथे आत शिरताना पैसे घेत नाहीत, नुसती नोंद होते. बाहेर पडताना अंतर मोजून कापतात. नागपूरच्या बाजूला बाहेर पडायचा नाका ज्या गावात आहे त्याचं नाव वायफळ. मी बनवून सांगत नाही, नकाशात पाहा. सातशे किलोमीटरच्या समृद्धीचा हिशेब वायफळला येऊन संपतो, आणि गावाला नाव ठेवणाऱ्या पूर्वजांना हे शतकभर आधी कळलं होतं.

भाच्याने तीन हजारांचा वार्षिक पास काढला होता. १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळतो तो, वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या. वायफळला साडेचौदाशे कापल्याचा मेसेज आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे. पास केंद्राचा, रस्ता राज्याचा. पास राष्ट्रीय महामार्गावर चालतो, समृद्धीवर नाही, मुंबई–पुण्यावर नाही. सासरच्या आहेराची साडी माहेरच्या कपाटात ठेवायची नाही, तसं.

इकडे राष्ट्रीय महामार्गावरच्या एका नाक्यावर (कुठला ते सांगत नाही, नाक्यालाही अब्रू असते) त्याचा टॅगच वाचला जाईना. खात्यात पैसे होते. पोऱ्या हातात काठीला बांधलेलं मशीन घेऊन आला आणि काचेला आरती ओवाळावी तसं ते फिरवू लागला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग म्हणाला, "गाडी जराशी मागे घ्या." मागे घेतली. "आता पुढे." पुढे घेतली. मागच्या ट्रकने भोंगा दाबून धरला. टॅगला जाग येईना. मग तेव्हाचा नियम ऐकवला. रोख दिले तर दुप्पट, यूपीआयने दिले तर सव्वापट. यंत्र त्यांचं झोपलं, दंड आम्हाला. भाच्याने सव्वापट दिले आणि वर पावतीही मागितली. ठाण्यात राहून माणूस पावती मागायला शिकतो, एवढं मात्र झालंय.

आमच्या खाणीत उतरताना दिव्याच्या खोलीत बिल्ला द्यावा लागतो आणि टोपीवरचा दिवा घ्यावा लागतो. पाळी संपली की दिवा परत, बिल्ला परत. एक बिल्ला खुंटीवर उरला तर सगळी खाण त्या माणसाला शोधते. नाक्यावर आपण दिलेलं कोणाच्या खुंटीवर लागतं आणि ते मोजून परत पाहणारं कोण, हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

टोलविरुद्ध महाराष्ट्र पेटत नाही असं नाही. कोल्हापूर पेटलं होतं. शहरातल्या शहरात फिरायला टोल लावला, तर एन. डी. पाटलांसारखा म्हातारा नेता रस्त्यावर बसला, २०१४ च्या जानेवारीत नाके जळाले आणि शेवटी सरकारने तो टोल रद्द केला. २०१५ मध्ये राज्याने बारा नाके बंद केले, आणखी ५३ नाक्यांवर मोटारी आणि एसटीला सूट दिली. पण नाका चालू ठेवून सूट दिली तिथे नीट पाहा, सुटका मोटारीची. कारण मोटारवाला ओरडतो, लिहितो, व्हिडिओ काढतो. ट्रकवाला ओरडत नाही. तो भाड्यात घालतो.

किती घालतो, याचा हिशेब एका रात्री मी कागद घेऊन केला. मला ट्रकच्या बाजूने मोठा गहजब करायचा होता. शिर्डीकडून नागपूरला कांदा येतो धरा. दोन आसांचा ट्रक, समृद्धीचा दर किलोमीटरला ६ रुपये ९७ पैसे. गुणिले ५२०. झाले ३,६२४ रुपये. आकडा पाहून मला बरं वाटलं, सदराला मालमसाला मिळाला. मग भागिले दहा टन कांदा. किलोला ३६ पैसे.

छत्तीस पैसे! इतक्या आकांताचं उत्तर छत्तीस पैसे. लेख तिथेच बुडायचा. परतीची गाडी रिकामी गेली, तर तिचेही धरा, बहात्तर. पण मग लक्षात आलं की या देशात छत्तीस पैशांचं नाणं नाही. चार आणे २०११ मध्ये बंद झाले, आठ आणे कायद्याने चालतात पण भिकारीही घेत नाही. त्यामुळे ट्रकवाल्याचे छत्तीस पैसे अडत्याकडे पन्नास होतात, अडत्याचे पन्नास किरकोळ व्यापाऱ्याकडे रुपया होतात, आणि बाजाराच्या दिवशी चिखल्यातल्या पिशवीत तो रुपया पडतो. मोटारवाल्याला टोलची पावती मिळते. इथल्या बाईला मिळत नाही, कारण तिला ती टोल भरते हे ठाऊकच नाही.

आता नागपूरहून गोंदियापर्यंत नवा द्रुतगती मार्ग येतोय, साधारण १६२ किलोमीटरचा, आमच्या भंडारा जिल्ह्यातून जाणारा. भंडाऱ्याहून गडचिरोलीला आणखी एक. मोजणी, हरकती, सातबारा हे सगळं चालू आहे. जमीन जाणाऱ्यांत भाताची शेतं आहेत, आणि तुमसरच्या तांदळाच्या गिरण्या त्याच भातावर चालतात. रस्ता झाला की आमचा तांदूळ भरभर जाईल, हे खरं. किलोला किती पैशांनी जाईल, ते मी तेव्हा पुन्हा कागद घेऊन बसेन.

परवा बाजारात कांदा घेतला. गेल्या खेपेपेक्षा रुपया जास्त, सव्वीस रुपये किलो. विचारलं, "का गं बाई, वाढवला?"

"का करू जी, गाडीभाडा वाढला."

मी समृद्धी, दोन आसं, ५२० किलोमीटर, दहा टन असं सगळं तिला समजावून सांगितलं. हिशेबाने छत्तीस पैसेच होतात म्हटलं, चौसष्ट पैसे मला परत यायला हवेत. मागे तिघे जण पिशव्या घेऊन उभे होते, ते ऐकत होते. तिने तराजू खाली ठेवला, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, ढिगातून बोटाच्या पेराएवढा एक कांदा शोधून काढला आणि माझ्या पिशवीत टाकला.

"घ्या. फिटला तुमचा हिशेब. मागचे या समोर."