आदल्या दिवशीचं, थंड

ऑफिसच्या पॉटलकला ‘आदल्या दिवशी करून ठेवता येतील असेच थंड पदार्थ आणावेत’ असं परिपत्रक काढणाऱ्या मनुष्यबळ विभागाचं कौतुक करावं तेवढं थोडं. अख्ख्या मजल्याला मायक्रोवेव्ह एक, त्यात कुणाचे तरी बोंबील फिरताहेत. अशा आस्थापनेला थंडपणाच तारणार.

पालनही अनुकरणीय झालं. दहीभाताचे सात डबे आले. श्रीखंड दुकानातलं होतं, पण स्टीलच्या डब्यात ओतल्यावर त्याचा चक्का आपोआप ‘रात्रभर घरी टांगलेला’ होतो. अकाउंट्सच्या बाई रात्री अकरापर्यंत सुरळीच्या वड्यांचं पीठ घोटत होत्या म्हणे. (ही हौस, काम नव्हे.) समस्त पुरुषवर्गाने कागदी प्लेटा निवडल्या. त्याही आदल्या दिवशी आणता येतात, आणि नियमाप्रमाणे थंडच असतात.

थंड अन्न 5 अंशांखाली ठेवावं, असं अन्नसुरक्षावाले सांगतात. आमचा एसी 24 वर. उरलेला फरक कॉन्फरन्स रूममधल्या वातावरणाने सहज भरून काढला.

साहेबांनी काहीच आणलं नाही, हा आरोप मात्र खोडसाळ आहे. जेवणानंतर त्यांनी पगारवाढीची पत्रं वाटली. आकडा गेल्या वर्षीच करून ठेवलेला होता.